धक्क्याचा माथा

हॅडली फेरी या गावाच्या धरणाखाली नदीला लागून जो काँक्रीटचा धक्का आहे, त्यावर उभे राहण्याचा हक्क कोणी कोणाला देत नाही. तो रोज सकाळी फाटकापाशी रांगेत आधी उभे राहून मिळवावा लागतो आणि संध्याकाळी संपतो. वीडा टिडमोर हिने तो इतकी वर्षे मिळवला होता की आपल्याकडून तो कोणी काढून घेऊ शकेल हे तिच्या मनात कधी आलेच नव्हते. काढून घेणारे वैरी असते तर गोष्ट सोपी होती. ते तिच्यावर माया करणारे लोक होते.

वीडाचे तारुण्य मोज्यांच्या गिरणीत गेले. यंत्रातून उघड्या तोंडाचा मोजा येई, त्याची बोटे शिवून बंद करायची, आणि पुढचा मोजा. पाळी संपली की ती कानांतला कापूस काढून थेट धक्क्यावर येई. पहिल्यांदा तिला तिथे तिचा नवरा हॉइट घेऊन आला, तेव्हा धक्क्यावर दुसरी बाई नव्हती. "हॉइट, शिदोरीबरोबर बायकोही बांधून आणलीस का रे?" असे कोणीतरी ओरडले होते, आणि वीडाने उत्तर दिले होते, "शिदोरी मी आणलीय. नवरा सोबत आलाय." हॉइट गेला, गिरणी बंद पडली, तिच्या जागी स्वस्त सामानाचे दुकान आले. वीडा धक्क्यावर येत राहिली. गावात तिला सगळे 'मिस वीडा' म्हणत. धक्क्यावर, समोरून नाही पण मागून, 'टिडमोरचा हात' म्हणत, कारण फेसाळ पाण्यात तिचा गळ जिथे पडायला हवा तिथेच पडे.

इथला मासा म्हणजे हायब्रिड. समुद्रातून नदीत चढणारा पट्टेवाला बास आणि नदीतलाच पांढरा बास यांचा हा संकर. माणसाने बांधलेल्या हौदात त्याचा जन्म होतो, वरच्या जलाशयात त्याला सोडतात, आणि पुराबरोबर धरणापलीकडे येऊन तो पायथ्याच्या खळबळाटात ठाण मांडतो. त्याच्या अंगावरचे काळे पट्टे सलग नसतात, मध्येच तुटून खाली-वर सरकलेले असतात. जोराच्या पाण्यात तोंड वर करून उभे राहण्याची त्याची ताकद मात्र दोन्ही कुळांना मागे टाकते. वीज तयार करण्यासाठी टर्बाइने सुरू होण्याआधी भोंगा वाजतो, पाणी चढू लागते, शॅड नावाची बारीक चंदेरी मासळी त्या घुसळणीत अर्धमेली होऊन वाहत येते, आणि तिला गिळायला हायब्रिड वर येतात. ही पहिली झड थोडा वेळच टिकते. त्यानंतर दिवसभर ज्याचे त्याचे नशीब.

धक्का अरुंद आहे आणि हंगामात माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. तरी दोरांचा गुंता होत नाही, कारण तिथे एक शिस्त आहे. नदीकडे तोंड केले की धरण डाव्या हाताला येते. धरणाला सर्वांत जवळची जागा म्हणजे माथा, सर्वांत लांबची म्हणजे शेपूट. माथ्यावरच्याने आधी गळ टाकायचा. त्याचा लाकडी बोया प्रवाहाबरोबर उजवीकडे सरकून शेजाऱ्याच्या पुढे गेला की शेजाऱ्याने टाकायचा, मग त्याच्या शेजाऱ्याने. प्रत्येकाची नजर आपल्या डावीकडच्या बोयावर असते. ज्याला मासा लागतो तो काठी उंच धरून माशामागे खाली चालत जातो आणि बाकीचे आपापले दोर गुंडाळून त्याला वाट देतात. दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही. मागितल्याशिवाय जाळी पुढे करायची नाही. आणि फाटकापासून धक्क्यापर्यंत कोणी कोणाला मागे टाकून पुढे जायचे नाही, कारण एका वर्षी असाच घाईने खडकांवरून पुढे घुसलेला एक जण घसरला तो चार मैल खाली सापडला. या नियमांवर कोणाची सही नाही. ते मोडल्याबद्दल शिक्षाही नाही. फक्त मोडणाऱ्याशी कोणी बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात वीडाला पक्षाघाताचा झटका आला. डावा पाय फरफटत का होईना परत आला, डावा हात नावापुरता. डावी बाजू मात्र परत आली नाही. तिचे डोळे शाबूत होते, पण डावीकडे काही असते हेच तिचे मन विसरून जाई. थाळीतला अर्धा भाग तसाच राही आणि ती म्हणे, "आज भाजलेला भोपळा का नाही केलास?" तिची मुलगी रीनेल थाळी फिरवून ठेवी, आणि भोपळा समोर येई.

पानगळ सुरू झाली तशी वीडा धक्क्यावर परतली. तिने रिळाची मूठ उजव्या बाजूला बसवून घेतली होती. गिरणीतल्या जुन्या चामडी पट्ट्याला एक खोबण शिवून तो कमरेला बांधला होता. उजव्या हाताने गळ फेकायचा, काठीचा बुंधा त्या खोबणीत रोवायचा, आणि त्याच हाताने रीळ फिरवायचे. लोकांनी टोप्या काढून तिचे स्वागत केले. पण तिच्या डावीकडे उभ्या असलेल्या एझेल गँडीच्या दोरावर पहिल्याच सकाळी तिचा दोर पडला.

एझेल शाळेची बस चालवत असे आणि दिवसभर मुलांवर ओरडता येत नाही म्हणून धक्क्यावर सगळ्यांची थट्टा करीत असे. गुंता सोडवत तो म्हणाला, "मिस वीडा, माझ्यावर प्रेम असेल तर तोंडानं सांगा. असं दोरानं बांधून कशाला घेता?"

"तू मध्ये टाकलास."

"मीच टाकला असणार. माझी आई पण हेच म्हणायची."

दुसऱ्या दिवशी तेच झाले, आणि नंतरही. एझेलचे विनोद हळूहळू आखडत गेले. एका सकाळी तो गळ फेकण्यासाठी काठी मागे नेत असताना वीडा एक पाऊल डावीकडे सरकली, आणि शिशाच्या डोक्याचा तो जड गळ तिच्या कानाला वारा घालून गेला. तिला काहीच कळले नाही. एझेलने काठी खाली ठेवली. त्या दिवशी त्याने पुन्हा गळ टाकला नाही.

माथ्यावर डूली पार्टलो उभा असे. तो आयुष्यभर मालवाहू बार्जवर दोरखंड ओढणारा खलाशी होता. त्याचे घर फाटकाला सर्वांत जवळ आणि झोप सर्वांत कमी, म्हणून माथा बहुतेक त्याचाच. त्या दुपारी तो वीडाच्या अंगणात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"वीडा, हे दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी आलोय. आज तुझा डोळा गेला असता."

"गेला नाही ना."

"आणि गेला असता तर एझेल उरलं आयुष्य कसा जगला असता? त्याचा विचार कर."

डूलीचे म्हणणे खरे होते, आणि खरे बोलणाऱ्याला दाराबाहेर काढता येत नाही. ती हिवाळाभर घरी राहिली.

त्याच हिवाळ्यात गावाने तिच्यासाठी लाकडी फलाट बांधला. धक्क्याच्या बराच खाली, वळणापलीकडे, नदी जिथे सुस्त होऊन पसरते तिथे. त्याला कठडा होता, चाकाच्या खुर्चीसाठी उतार होता, सावलीसाठी छप्पर होते. रीनेलने चर्चमधल्या बायका जमवल्या, दारोदार फिरून माणसे राजी केली. एका बाकावर पितळी पट्टी ठोकून त्यावर वीडा टिडमोर हे नाव कोरले. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी दहा वाजता फीत वीडानेच कापायची, असे ठरले.

रीनेलने ही बातमी सांगितली तेव्हा वीडा वाल सोलत होती.

"बाकावर नाव मेलेल्या माणसाचं घालतात," ती म्हणाली.

"मॉमा, जिवंतपणी मान मिळणं काय वाईट?"

"तिथं पाणी मेलंय. कॅटफिशसुद्धा तिथं झोपायला येतात."

"मासा एवढाच महत्त्वाचा आहे का? ऊन मिळेल, माणसं भेटतील. सगळ्यांनी किती प्रेमानं केलंय!"

"प्रेमानं केलंय म्हणून तर नाही म्हणायला इतकं जड जातंय. वैरानं केलं असतं तर केव्हाच थुंकले असते."

रीनेलच्या डोळ्यांत पाणी आले. ती उठून आत गेली, आणि वीडाने तिला हाक मारली नाही.

माणसाला त्याच्या जागेवरून हलवण्याचे अनेक मार्ग समाजाला ठाऊक असतात. त्यांतला बळाचा मार्ग सर्वांना ओळखू येतो, म्हणून त्याच्याविरुद्ध उभे राहता येते. दुसरा मार्ग असा की दुसरीकडे एक चांगली जागा बांधायची, तिला त्या माणसाचे नाव द्यायचे, आणि मग तो तिथे गेला नाही तर त्याला कृतघ्न म्हणायचे. रीनेलच्या मनात असे काही नव्हते. होती ती फक्त आईविषयीची भीती. पण फलाट जितका सुंदर होत गेला तितका धक्का वीडापासून दूर जात होता, आणि हे तिच्याशिवाय कोणाला दिसत नव्हते.

ज्या गोष्टीतून तिला वाट सापडली ती अगदी साधी होती. मार्चमध्ये एकदा रीनेल कामावर असताना ती एकटीच जेवायला बसली. दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे मान डावीकडे वळवून थाळीचा कडेपर्यंत शोध घ्यायचा, हा तिचा रोजचा झगडा. त्या दिवशी तिने झगडा सोडून थाळीच उचलली आणि टेबलाच्या उजव्या टोकाला नेऊन ठेवली. सगळे जेवण दिसू लागले. तिने घास तोंडात घातला आणि चघळायचे विसरली. मग धक्क्यावर अशी जागा कुठली, जिथे डावीकडे कोणी नसतेच?

अशी एकच जागा होती. माथ्याच्या डावीकडे धरणाची उभी भिंत येते. माथ्यावरच्याला कोणाच्या बोयाकडे पाहावे लागत नाही. सगळे त्याच्याकडे पाहतात. त्याच्या डाव्या खांद्यामागे कोणी काठी उगारत नाही. पाणी तिथे सर्वांत जोराचे, तुषारांनी अंग भिजते, पायाखाली शेवाळ असते. पण वीडाच्या दोरात कोणाचा दोर अडकणार नाही आणि एझेलला पुन्हा काठी खाली ठेवावी लागणार नाही, अशी धक्क्यावर तेवढीच जागा होती. सगळे गाव तिला खाली पाठवू पाहत होते. तिने वर जायचे ठरवले.

समारंभाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, तिने एझेलला फोन केला. "उद्या मला फाटकावर सोड. उजाडायच्या आत. डूलीच्या आधी."

"मिस वीडा, उद्या तुमची फीत आहे."

"फीत दहाला आहे."

"मला वाटलं तुम्ही मासेमारी सोडली."

"मी तुझ्या उजवीकडे उभं राहणं सोडलंय. उद्या तुझ्या डावीकडे उभी राहणार, सगळ्यांच्या डावीकडे."

एझेल हसू लागला, आणि हसता हसता थांबला. "रीनेल मला जिवंत गाडेल हो."

"बाकावर तुझंही नाव घालतील."

डॉगवुडच्या झाडांना फुले आली की इथे थंडी एकदा मागे वळून येते. त्या शनिवारी ती आली होती. एझेलने वीडाला फाटकाशी उतरवले आणि गाडी लावायला तो दूरच्या आवारात गेला. तेवढ्यात त्याची जागा जाणार हे त्याला माहीत होते. वीडाने काठी गिरणीच्या पट्ट्याने पाठीला बांधली होती, गळ कोटाच्या खिशात होते. फाटकाशी कोणी नव्हते. ती कडीला हात लावून उभी राहिली.

डूली आला आणि थबकला.

"वीडा? फलाटाचा रस्ता तिकडून आहे."

"फलाट कुठं पळून जात नाही."

"रांगेत उभी आहेस?"

"दिसतंय तेच."

त्याने तिच्याकडे आणि मग खालच्या पायऱ्यांकडे पाहिले. तो हुशार माणूस होता. तिने काही न सांगता त्याला सगळे समजले, आणि तिचे गणित बरोबर आहे हेही समजले. त्यामुळे त्याचा राग कमी झाला नाही. माथा त्याने कोणाकडून दानात घेतलेला नव्हता. "तुला खालपर्यंत जायला किती वेळ लागेल, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला.

"लागेल तेवढा."

त्याच्यामागे एकेक जण येत गेला. पाचवा कोल्बी. हा तरुण कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट इथे येई, आणि झोपेच्या आधीचे हे दोन तास हेच त्याचे स्वतःचे आयुष्य होते. एझेल धापा टाकत आला तो शेवटून तिसरा. पहारेकऱ्याने फाटक उघडले तेव्हा झाडांच्या शेंड्यांवर उजेड आला होता.

पायऱ्यांना उजवीकडे लोखंडी कठडा होता. वीडा एक पायरी उतरायची, डावा पाय ओढून शेजारी आणायची, मग पुढची. मागे सगळी रांग तिच्या पावलाने उतरू लागली. बुटांचा आवाज एकदम होई आणि एकदम थांबे. ती अर्ध्यावर असताना भोंगा वाजला.

रांगेतून एक कण्हण्यासारखा आवाज गेला. खाली पाणी पांढरे होऊ लागले. फेसात चंदेरी ठिपके उडू लागले, आणि मग भांड्यात काही जड पडावे तसा पहिला आवाज आला. हायब्रिड वर आले होते.

"मिस वीडा," कोल्बी म्हणाला, "जरा बाजूला उभ्या राहता? आम्ही पुढं होतो, मग तुम्ही या सावकाश. माथा तुमचाच. कोणी घेणार नाही, शपथ."

"नाही."

"अहो, झड चालू झाली!"

"मलाही ऐकू येतंय. कान दोन्ही शाबूत आहेत."

मागे कोणीतरी हसले. कोल्बी हसला नाही. त्याने कठड्याखालून अंग काढले आणि खडकांवर उडी टाकली. ओल्या खडकांवरून तो दोन उड्यांत डूलीच्या पुढे गेला.

"कोल्बी!" डूलीचा आवाज बार्जवरचा आवाज होता, नदीपलीकडे ऐकू जावा असा. "मागं ये."

"मिस्टर डूली, ही बाई आपली सगळी सकाळ खाणार!"

"खाऊ दे. इथं कोणी पुढं जात नाही."

"तुम्हालाही तिथं उभं राहायचं होतं ना? मग?"

"मग काही नाही. मागं ये, नाहीतर उद्यापासून काठी घेऊन येऊ नकोस."

कोल्बी खडकावर तसाच उभा राहिला. त्याच्या तोंडावर थकवा होता. मग तो मागे फिरला, आणि रांगेने त्याची जागा रिकामी ठेवली होती तिथे येऊन उभा राहिला. या सगळ्या वेळात वीडा थांबली नव्हती. मागे वळून तिने आभारही मानले नाहीत. आभार मानावेत असे तिला काही मिळालेच नव्हते. हा नियम त्या बुडालेल्या माणसाचा होता, आणि तो तिच्यासाठी जेवढा होता तेवढाच कोल्बीसाठी.

धक्क्यावर आल्यावर ती नदी उजवीकडे ठेवून वर चालू लागली. काठावरचा पिवळा पट्टा तिला दिसत होता. ती माथ्यावर पोचली तेव्हा झड अर्ध्याहून अधिक ओसरली होती, आणि हे तिच्यासकट प्रत्येकाला ठाऊक होते.

डूली तिच्या उजवीकडे उभा राहिला. "मी नियम पाळला," तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्यासाठी काही केलं नाही."

"केलं असतंस तर परत वर गेले असते."

तिने पट्टा कमरेला आवळून पहिला गळ फेकला. तो जवळच्या भोवऱ्यात पडून कुत्र्यासारखा गोल फिरला. डूलीने काठी उचलली नाही. तिने गळ ओढून घेतला, बूट शेवाळात रोवले आणि पुन्हा फेकला. या वेळी बोया दोन प्रवाहांच्या शिवणीवर पडला आणि सरळ चालू लागला. तो डूलीच्या समोरून गेला, डूलीने टाकला, त्याच्यामागून पुढच्याने. धक्का सुरू झाला.

तिसऱ्या फेकीला बोया दिसेनासा झाला. काठी वाकली, रीळ किंचाळले, आणि मासा नदीच्या मध्याकडे वळून खाली सुटला.

"मोठा आहे!" डूली ओरडला. "दोर वर घ्या रे! चल वीडा, चल खाली!"

सगळ्यांनी दोर गुंडाळले. धक्क्यावर वाट मोकळी झाली. सगळे तिच्याकडे पाहत होते आणि ती हलत नव्हती. खाली चालायचे म्हणजे नदी डावीकडे येणार. काठ कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होते हे तिला दिसणार नव्हते. जो हात धक्क्यामागचे कुंपण धरू शकला असता तो रिळावर होता.

"मॉमा!" वरून हाक आली. रीनेल समारंभाच्या निळ्या पोशाखात फाटकाजवळच्या कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून उभी होती. आईचे अंथरूण रिकामे पाहून ती थेट इकडे आली होती. "मॉमा, चालू नकोस!"

"मी कुठं चालतेय?" वीडा म्हणाली. पाण्याच्या गर्जनेत ते फक्त डूलीला ऐकू गेले.

"असं उभं राहून दोर तुटेल," तो म्हणाला.

"तुटू दे. माझा आहे."

तिने रिळाचा ताण वाढवला. पट्ट्याची खोबण पोटात रुतली. मासा थांबला, प्रवाहात तोंड वर करून तोही उभा राहिला. काही काळ दोघेही आपापल्या जागेवरून हलले नाहीत. मग दोर तुटला. आवाज अगदी लहान झाला. काठी सरळ झाली आणि वीडा मागच्या कुंपणावर आदळली.

कोणी पुढे धावले नाही. डूलीचे हात उचलले गेले होते, ते त्याने खाली घेतले. वीडा सावरून उभी राहिली, खिशातून नवा गळ काढला, दोराचे टोक दातांत धरले आणि एका हाताने गाठ मारू लागली. गाठ दोनदा सुटली. काही वेळाने तिच्या ध्यानात आले की धक्क्यावर शांतता आहे. तिने मान वर केली. खालच्या टोकापर्यंत सगळे काठ्या उभ्या धरून तिच्यासाठी थांबले होते. कोणी टोपी काढली होती.

"काय बघताय?" ती कडाडली. दोर अजून दातांत होता. "माथ्यावरचा गाठ मारत असला की दुसरा टाकतो. डूली, तू कधी कोणासाठी थांबलायस?"

"नाही."

"मग टाक की! मी मेलेय का?"

"तुमच्या बाकावर तसंच लिहिलंय, मिस वीडा!" खालून एझेल ओरडला.

धक्काभर हशा पिकला. डूलीने गळ टाकला, त्याच्यामागून दुसऱ्याने, आणि पुढे कोल्बीनेही, अजून रागातच. वीडाची गाठ तिसऱ्या वेळी बसली. तिने ती थुंकीने ओली करून आवळली आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहिली.

रीनेल खाली येऊन शेपटाशी उभी राहिली होती. माणसांच्या मागून कुंपण धरत ती आईच्या पलीकडे, भिंतीलगत आली.

"लोक तुझी वाट बघतायत तिकडे. फीत कापायचीय."

"तू काप."

"मी दारोदार फिरले त्याच्यासाठी."

"ठाऊक आहे मला." वीडाची नजर बोयावर होती. "चांगला बांधलाय. ज्यांना बसायचंय त्यांना बसू दे. मला अजून बसायचं नाही, पोरी. बसायचं असेल तेव्हा मी सांगेन, तू नाही सांगायचं."

"आणि पडलीस तर?"

"तर पडेन. घरात पडणारच आहे कधीतरी."

रीनेल तिच्या डाव्या बाजूला उभी होती, म्हणजे वीडाला ती दिसत नव्हती. हे रीनेललाही उमगले. ती बोलायचे थांबली, आईच्या मागून फिरून उजवीकडे, डूलीच्या आणि तिच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आली, आणि थोडा वेळ तिथे तुषारांत निळा पोशाख भिजवत उभी राहिली. मग फीत कापायला निघून गेली.

ऊन धक्क्यावर आल्यावर वीडाला एक मासा लागला, मध्यम आकाराचा. तो दूर पळाला नाही. तिने त्याला प्रवाहाच्या कडेने ओढत पायाशी आणले, आणि जे वाक्य त्या धक्क्यावर दर सकाळी प्रत्येक जण कोणाला ना कोणाला म्हणतो तेच ती म्हणाली. "डूली, जाळी."

डूलीने जाळी घातली. एकट्याने असा मासा वर घेणे तिथे दोन हातांच्या माणसालाही जमत नाही. म्हणून जाळी मागण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. दयेत आणि या देण्याघेण्यात फरक एवढाच की इथे उद्या डूलीही मागणार होता, आणि तेव्हा जाळी वीडाच्या हातात असणार होती.

मेमध्ये एका पहाटे ती फाटकाशी आली तर डूली आधीच उभा होता. एझेलची गाडी मागे घरघरत होती. डूलीने तिला पाहिले आणि तो बाजूला सरकला.

"हो पुढं. मी मागं उभा राहतो."

"का?"

"का म्हणजे काय? तुला दुसरीकडं उभं राहता येत नाही. मला कुठंही चालतं."

"पहिला कोण आला?"

"मी. पण वीडा..."

"मग माथा तुझा," ती म्हणाली आणि मागे वळली. गाडीचे दार तिला एका हाताने उघडायला वेळ लागला. एझेल आतून हात लांब करणार होता, त्याने तो आवरला. ती बसली, काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाली, "उद्या आणखी लवकर ये."

"याहून लवकर? मिस वीडा, याच्याआधी फक्त काल आहे!"

"मग काल ये," ती म्हणाली. "पण डूलीच्या आधी ये."